चौदावी खुर्ची

निकाल बारा जणांचा, खुर्च्या मात्र चौदा.
दोन जादा, कुणी आजारी पडलं,
कुणाचं माणूस गेलं, तर असाव्यात म्हणून.
जादा कोण, ते शेवटपर्यंत कुणालाच कळू देत नाहीत,
म्हणजे सगळे नीट ऐकतात.

मी व्हर्ना कांगस. शाळेची बस चालवते.
सुपीरियर सरोवराच्या काठावर आमचं गाव,
एप्रिल आला तरी बर्फ पाय काढत नाही.
टपालानं समन्स आलं, हात वर करून शपथ घेतली
आणि सहा दिवस ऐकत बसले.

हॅरल्ड ट्रेंबाथची बोटींची शेड पहाटे जळाली.
कोडी हाताया, वय चोवीस,
त्याच्या ट्रकमध्ये रॉकेलचा डबा सापडला.
आता आमच्याकडे
कुणाच्या ट्रकमध्ये डबा नसतो?

जज बर्थियोमबाईंचा आवाज
कॉफीत बुडवलेल्या टोस्टसारखा.
म्हणाल्या, हा माणूस निर्दोष आहे.
पुढे ठरेल असं नाही,
आत्ता, तुमच्यासमोर बसलाय तसा, निर्दोष आहे.
त्यानं काही सिद्ध करायचं नाही,
ते काम सरकारचं.
तो बोलला नाही तर त्याच्या गप्प बसण्याला
तुमच्या पदरचा अर्थ चिकटवू नका.

मला माझ्या बसमधली पोरं आठवली.
सीट कुणी फाडली, असं विचारल्यावर
जो गप्प बसतो त्यालाच मी पुढे बोलावते.
एकवीस वर्षं.

तिसऱ्या दिवशी एक साक्षीदार बोलून गेला,
'याचा बापही असलाच होता.'
बचावाची वकील ताडकन उठली,
(सरकारनंच दिलेली, कोटाचं एक बटण तुटलेलं).
जज म्हणाल्या, हरकत मान्य.
हे वाक्य तुम्ही ऐकलंच नाही असं समजा.
चौदा माणसं, अठ्ठावीस कान
आणि मधोमध ते वाक्य,
घरात शिरलेल्या ओल्या कुत्र्यासारखं,
जावं कुठे ते न कळून उभं.

कोडीची आई तिसऱ्या बाकावर.
विणायच्या सुया दारावरच काढून घेतलेल्या.
ती नुसतीच बोटं हलवायची,
दोन सुलट, दोन उलट,
मध्येच थांबायची,
मागे जाऊन उसवायची, पुन्हा सुरू.
सरकारी वकील पेट्रोलपंपावरच्या फिल्मबद्दल बोलत होते
तेव्हा मी तिची अख्खी बाही मोजली.
हे माझ्या वहीत नाही.

वाजवी शंका म्हणजे काय,
ते जजनी शेवटी कागदावरून वाचून दाखवलं.
मला कळलं ते असं:
एप्रिलमधला सरोवराचा बर्फ.
वरून पाहिला तर अखंड.
त्यावरून बस न्यायची का, पोरांनी भरलेली?
'बहुतेक धरेल' एवढ्यावर
मी नाही नेणार.

माझं ठरलं होतं.

मग क्लार्कनं लाकडी पेटी हलवली,
आतल्या चिठ्ठ्या खुळखुळल्याही नाहीत.
नऊ.
चौदा.
जज म्हणाल्या, आपल्या सेवेबद्दल कोर्ट आभारी आहे.
निकाल लागेपर्यंत कुणाशी बोलू नका.
वही परत घेतली, फाडून टाकतात म्हणे.
बारा जण आतल्या दारानं गेले,
दोघं बाहेरच्या.
नऊ नंबरवाला जिन्यातच टोपी चढवून
हसत म्हणाला, सुटलो.

पार्किंगमध्ये मी इंजिन चालू करून बसले.
तोंडात एक शब्द होता,
दोन अक्षरांचा की तीन,
तेही सांगायची मुभा नाही.
काच हळूहळू निवळत गेली
तशी समोर ती दिसली, कोडीची आई,
सिगारेट न पेटवता धरून.
सरळ माझ्याकडेच आली.
मी स्टिअरिंगकडे पाहत राहिले.
तिनं बोटाच्या पेरानं काच वाजवली.

'तुमचा डावा दिवा लागत नाहीये,' म्हणाली,
'अंधार पडायच्या आत पोचा.'

मान हलवली मी.
मान हलवणं बोलण्यात धरतात की नाही,
ते त्या कागदावर नव्हतं.